विलायती कुंची

गावाकडच्या मंडळींचा पुण्यात राहणाऱ्या पुतण्याविषयी एक मोठा गैरसमज असतो. पुण्यात जे जे काही आहे ते सारे याच्या घरामागच्या गल्लीतच आहे, असे त्यांना वाटते. ससूनमधला डॉक्टर, मार्केट यार्डातला कांद्याचा भाव, कॉलेजातला प्रवेश आणि कोर्टातली तारीख ही सगळी कामे मी सकाळी दुधाची पिशवी आणता आणता उरकून येतो, अशी राजुरीत समजूत आहे. एकतीस वर्षे पोस्टाच्या खिडकीमागे बसून तिकिटे विकलेल्या माणसाला कोणी इतके वजनदार समजत असेल, तर तो गैरसमज दूर करण्याचा मूर्खपणा मी कशाला करू?

त्यामुळे २०१५ च्या चैत्रात आमच्या चुलत्यांचा, म्हणजे नानांचा, फोन आला तेव्हा मी रिवाजाप्रमाणे आधी "हो" म्हटले आणि मग काम विचारले.

"गाड्याचं येक जुनं चित्र पायजे," नाना म्हणाले. "लई जुनं. शिवाजी म्हाराजांच्या टायमाचं असलं तरी चालंल."

जणू शिवकालीन चित्र म्हणजे जरा अलीकडचे, पण नाना घ्यायला तयार होते.

ज्यांनी जुन्नर-आंबेगावकडचा गाडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. घाट म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी. गाड्याला चार बैल जुंपतात आणि गाड्यावर माणूस कोणी नसतो. पुढे घोडी सुटते, मागे बैल सुटतात आणि अकरा-बारा सेकंदांत बारी संपते. भंडाऱ्याने आभाळ पिवळे होते, फेटे उडतात, आणि ज्या गृहस्थाने या बारा सेकंदांसाठी वर्षभर घरातले दूध, अंडी आणि बायकोची बोलणी खर्ची घातलेली असतात, तो घाटाचा राजा ठरतो किंवा कोणाशी न बोलता घरी जातो. नाना आयुष्यात दोनदा राजा झाले. न बोलता किती वेळा घरी आले ते चुलतीला विचारावे.

७ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूचे जल्लिकट्टू आणि आमचे गाडे एकाच निकालात बंद केले. त्यानंतर आळेफाट्याच्या स्टँडवर कोणा हुशार माणसाने नानांना सांगितले की गाड्याचे जुने चित्र सापडले तर कोर्टाला ऐकावेच लागते. कोर्ट असे चित्रावर चालत नाही हे मला ठाऊक होते. पण बंदी आल्यापासून नाना गोठ्यात जाऊन बैलाशी बोलत बसतात, असे चुलतीने मागच्याच महिन्यात सांगितले होते. म्हणून मी पिशवी घेतली आणि निघालो.

पहिले पंधरा दिवस मी चित्रांतून नुसता हिंडलो. आपल्याकडे जुनी चित्रे कमी आहेत असे मुळीच नाही. पण त्यांत शिरायला निदान सरदार तरी असावे लागते. जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ साली सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे मोठे थाटाचे चित्र काढले आहे. पगडीची घडी न् घडी दिसते. त्या चित्रात नाना आहेत, पण ते आमचे नव्हेत. वीरगळांवर गुरे असतात, कारण गुरे सोडवताना वीर पडलेला असतो. पण ती गुरे बिचारी गंभीरपणे उभी असतात, चौखूर उधळलेली नसतात. आमच्याच तालुक्यातल्या नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी वर नावे कोरलेली आहेत आणि खाली फक्त पाय उरले आहेत. शेजारच्या लेखात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांची मोजदाद आहे. पण राणीचे लुगडे कसे होते, राजाने डोक्याला काय बांधले होते, हे पावलांवरून कसे सांगणार? दोन हजार वर्षांपूर्वी राजांची ही गत, तिथे गाडामालकाला कोण विचारतो?

आणि मग अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडे, फुटपाथवर, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांखाली दबलेले एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मला सापडले. जोसेफ स्ट्रट नावाच्या गृहस्थाने १८०१ साली लिहिलेले. इंग्लंडातल्या लोकांचे खेळ आणि करमणुकी यांवरचे. शंभर मागितले, साठला दिले. पुस्तक उघडले, आणि उभ्या उभ्या माझी दोन बशी गेली.

हा स्ट्रट मोठा नामी माणूस. पेशाने तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारा. आधी त्याने इंग्रज लोकांच्या कपड्यांवर दोन खंड लिहिले, मग त्यांच्या खेळांवर हे पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी वारला. जुन्या हस्तलिखित पोथ्या उघडून त्यांतली माणसे तो रेघारेघांनी उतरवून घ्यायचा. आणि ती माणसे राजे नव्हेत! पोथी सिकंदर बादशहाची असो की प्रार्थनेची, मधल्या मजकुराशी त्यांचे काही देणेघेणे नसते. ती खाली समासात राहतात. कोणी कोंबडे झुंजवतो आहे, कोणी भोवऱ्याला चाबकाने झोडतो आहे, एकाच्या पाठंगुळीला बसून दुसरा तिसऱ्याला ओढून पाडतो आहे. वर धर्म आणि पराक्रम, खाली दंगा. आमची शाळेची वहीसुद्धा अशीच असायची. फरक इतकाच की ऑक्सफर्डकरांनी ती जपून ठेवली आणि आमच्या मास्तरांनी ती आमच्याच डोक्यात घातली.

पुस्तक घेऊन मी राजुरीला गेलो. संध्याकाळी बिबट्याच्या भीतीने माणसे लवकर घरात येतात, त्यामुळे ओसरीवर गर्दी चांगली जमली. मी पहिले चित्र उघडले. चौदाव्या शतकातली माणसे, गुडघ्यापर्यंतचे अंगरखे, आणि डोक्यावर खांद्यापर्यंत येणारी, मागे शेपूट लोंबणारी टोपी.

"ही मोठी मान्सं कुंची घालून का बसल्यात?" चुलतीने विचारले.

खरोखरच ती कुंची होती. तान्ह्या पोराला घालतो तशी, फक्त दाढीमिशीवाल्यांनी घातलेली. नानांना मात्र तिच्यात पोत्याची खोळ दिसली. पावसात पोत्याचे एक टोक दुसऱ्यात खोचून आपण डोक्यावर घेतो ना, तीच. मागच्या शेपटाला त्यांनी फेट्याचा शेमला म्हणून मान्यता दिली. काहींच्या जोड्यांची टोके इतकी लांब की पुढे १४६३ साली त्यांच्या पार्लमेंटाला कायदा करून सामान्य माणसाचे टोक दोन इंचांवर आणावे लागले. ते ऐकून नाना म्हणाले, "कायद्याला दुसरं काम न्हवतं व्हय?" बंदीच्या दिवसांत हे वाक्य ते सगळ्याच बातम्यांना म्हणत.

पुढच्या चित्रात एकाने आपली कुंची उलटी फिरवून तोंडावर ओढून घेतली होती आणि बाकीचे आपापल्या कुंच्यांना गाठी मारून त्याला बडवत होते.

"आंधळी कोशिंबीर!" शाळकरी नातू ओरडला.

तीच. डोळे बांधायला रुमाल शोधायला नको, कुंची फिरवली की राज्य आले. ओसरीवर एकदम कालवा झाला. मग एकेक पान उलटायचा अवकाश, कोणीतरी खेळाचे नाव ठोकून देत असे. एक खेळ मात्र कोणालाच ओळखेना. उभ्या खांबावर फिरती आडवी दांडी, एका टोकाला ढाल, दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. घोडेस्वाराने दौडत येऊन ढालीवर भाला मारायचा आणि दांडी गर्रकन फिरून पिशवी पाठीत बसायच्या आत निसटायचे. मला तो ताबडतोब कळला. सरकारी खात्यात कागद पुढे ढकलला की मागून पाठीत जे बसते ते मी एकतीस वर्षे खाल्ले आहे.

मी प्रामाणिकपणे हेही सांगितले की यांतली उत्तमोत्तम चित्रे ज्या पोथीतली आहेत, ती मुळात इंग्रजांची नव्हेच. ती आताच्या बेल्जियममधल्या तुर्ने गावच्या चित्रकाराने १३४४ साली पुरी केली. भाषाही फ्रेंच. पुढे पोथी ऑक्सफर्डला गेली आणि चित्रातली माणसे इंग्रज ठरली. यावर कोणाचेच काही म्हणणे पडले नाही. पैठणी येवल्याला विणतात हे चुलतीला माहीत होते.

एवढ्यात नातवाने फोनवर आणखी एक चित्र शोधून काढले. लट्रेल नावाच्या जमीनदाराने १३२५ ते १३४० च्या सुमारास प्रार्थनेची पोथी करवून घेतली, तिच्यातले. हे मात्र अस्सल इंग्रजी. नांगर धरलेला एक माणूस, लांब चाबूक उगारलेला दुसरा, आणि पुढे चार बैल.

नानांनी चष्मा पुसला. फोन हातात घेतला.

"चार हायेत," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. बैलांची शिंगे, पाय, जू निरखून झाले. "फुडचा डावा कामाचा हाये. ह्यो पळंल."

तेव्हा मी माझ्याजवळची खरी माहिती बाहेर काढली. म्हटले, नाना, १३६३ साली तिसऱ्या एडवर्ड राजाने फर्मान काढले की सणाच्या दिवशी लोकांनी फक्त तिरंदाजी करावी. फुटबॉल, चेंडूफळी, कोंबड्यांच्या झुंजी सगळे बंद, खेळाल तर तुरुंगात जाल. आणि त्याच साली पार्लमेंटाने कोणी काय ल्यावे याचाही कायदा केला. गाडीवान, नांगरे, गुराखी, बैलराखे यांच्यापैकी ज्याची मालमत्ता चाळीस शिलिंगांची नसेल त्याने जाड्याभरड्या लोकरी कापडाशिवाय काही घालायचे नाही. थोडक्यात, घोंगडे पांघरा आणि तीर मारा.

"मंग?"

"कपड्याचा कायदा दोनेक वर्षांत मागे घेतला."

"आन् खेळाचा?"

"बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली. फुटबॉलवर लंडनच्या महापौराने १३१४ मध्येच घातली होती. लोक खेळतच राहिले."

ओसरीवर टाळ्या पडल्या. मला वाटले, आपण गाव जिंकले. पण अर्धेच सांगून थांबायचे माझ्या जिवावर आले. याच पुस्तकात बैलावर आणि अस्वलावर कुत्री सोडण्याचा खेळ आहे. तोही त्यांचा शेकडो वर्षांचा, राजेराण्या बघायला जात. १८३५ साली त्यांनी जनावरांच्या छळाचा कायदा करून तो बंद केला, आणि त्यासाठी आज तिकडे कोणी गळा काढत नाही.

टाळ्या थांबल्या. एकदोघे माझ्याकडे असे पाहू लागले की मी उद्याची पहिली एसटी मनातल्या मनात ठरवून टाकली.

"खरं हाये त्याचं," नाना म्हणाले. "खिळ्याची काठी लावनारे आपल्यातबी व्हते. न्हाय कशाला म्हनू? मी दोनदा लावली. सर्ज्या त्या दोन्ही टायमाला मागंच ऱ्हायला." आणि पुस्तक मिटून त्यांनी माझ्या हातात दिले. "ऱ्हाऊ दे. ह्ये त्यांचं हाये. आपलं न्हाय सापडत."

त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी नानांनी सर्ज्याला बेल्ह्याच्या बाजारात नेऊन विकला. पळायचे नाही आणि औताला धरायचे जिवावर येते, असा बैल किती दिवस बसून पोसणार? किती रुपये आले ते त्यांनी कोणालाच सांगितले नाही. मी फोन केला तेव्हा चुलतीने घेतला आणि म्हणाली, "झोपल्यात." सकाळचे अकरा वाजले होते.

पुढची हकिगत वर्तमानपत्रांत आलेली आहे. २०१७ साली राज्याने कायदा केला, तोही कोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा कायम केला. कोणाचेही जुने चित्र लागले नाही. परंपरा आहे की नाही हे विधिमंडळाने ठरवले ते पुरे, असे कोर्टाने मानले. मी मात्र ते साठ रुपये अजून कोणाकडे मागितलेले नाहीत.

२०२४ च्या यात्रेला गेलो तेव्हा नाना ऐंशीच्या पुढे गेले होते. शेजारच्या गावच्या घाटात पाहुणे म्हणून त्यांना पुढे खुर्ची दिली. बारी सुटली की हजार हात वर, आणि प्रत्येक हातात फोन. बैल कमी आणि फोन जास्त.

घरी आल्यावर मी म्हटले, "नाना, आता चित्रांना तोटा नाही. पाचशे वर्षांनी कोणी शोधायला आला तर त्याची चंगळ आहे."

"फोनातलं काय टिकतंय? त्याच्या कागदावर हाये ना? मंग तू कागदावर काढ." आणि ते आत जाऊन गुलाबी फेटा बांधून, पांढरे धोतर नेसून, पायांत नवा जोडा घालून आले आणि रिकाम्या गोठ्याच्या दाराशी खुंट्याला हात लावून उभे राहिले.

मी आयुष्यात चित्र म्हणून काही काढले असेल तर ते फॉर्मवर फुली कुठे मारायची ते दाखवायला. पण काढले. फेट्याला अर्धा तास गेला, शेमला जमला, मिशी तर फारच जमली. नाना हलले नाहीत. मधे चहा आला तोही त्यांनी डोळ्यांनीच नाकारला. शेवटी मी कागद त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चष्मा लावून वरून खाली सगळे तपासले.

"पाय कुठं हायेत?"

"कागद संपला, नाना."

"मंग खाली दुसरा चिकटव की," ते म्हणाले आणि पुन्हा खुंट्यापाशी जाऊन उभे राहिले.