विस्तव राखताना

पहाटे साडेतीनला परसात गेलं की अंधारात मांस धुरावर शिजवायचा स्मोकर दिसायच्या आधी त्याचा वास येतो. हिकरीच्या लाकडाचा गोडसर धूर, ओलं गवत आणि खाली कुठेतरी तापलेल्या लोखंडाचा वास. मग झाकणावरची तबकडी दिसते. काटा 225 फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या 107 सेल्सिअसच्या आसपास असला, की मी खुर्चीत शाल गुंडाळून बसते. 240वर गेला असेल तर वाकून बुडाजवळच्या झरोक्याची पत्री बोटाच्या पेराएवढी सरकवते आणि पुढची वीस मिनिटं कशालाही हात लावत नाही. ही वीस मिनिटं शिकायला मला इथे, कॅन्सस सिटीजवळ, काही वर्षं गेली. लहानपणी तर ती रोज डोळ्यांसमोर घडत होती.

मिरजेच्या घरी आजीची शेगडी होती. जुन्या बादलीची, आतून मातीने लिंपलेली, मध्ये जाळी आणि खाली राख ओढायला चौकोनी तोंड. कोळसे वखारीतून पोत्याने यायचे. सकाळी शेगडी पेटवणं म्हणजे घाई असायची. काड्या, रॉकेलचा बोळा, वर कोळसे, आणि मी तोंडाशी बसून विंझण्याने वारा घालायची. ठिणग्या उडायच्या, डोळे चुरचुरायचे. पण आजीची खरी शेगडी दुपारी सुरू व्हायची. जेवणं उरकली की ती निखाऱ्यांवर पळीने राख पसरायची, शेगडीच्या तोंडाशी विटेचा तुकडा लावायची आणि वर दुधाचं पातेलं ठेवायची. वीट किती लावायची याला माप नव्हतं. ती लावायची, हात वर धरून आच बघायची, थोडी मागे ओढायची. चार वाजेपर्यंत दुधावर जाड, बदामी साय धरलेली असे. एकदा मी दूध लवकर तापावं म्हणून आणखी कोळसे घालायला निघाले, तेव्हा ती म्हणाली, “कोळसा किती घातलास ते शेगडीला कळत नाही गं, वारा किती घातलास तेवढं कळतं.”

या वाक्यात सगळं शास्त्र आहे हे मला फार उशिरा कळलं. लाकूड हवा कोंडून तापवलं की त्यातलं पाणी निघून जातं, जळाऊ वायू आणि डांबर निघून जातं, मागे उरतो तो बहुतांश कार्बन. त्यामुळे कोळसा लाकडासारखा ज्वाळा काढत जळत नाही, तो आपल्या अंगावर, पृष्ठभागावर धगधगतो. आणि किती धगधगायचं हे त्या पृष्ठभागापर्यंत पोचणारा प्राणवायू ठरवतो. शेगडीत पाच किलो कोळसा असो की दोन, तोंड निम्मं झाकलं की आच उतरते. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री थंडावली की हातात धरून हेलकावे द्यायचा, तोही नवा कोळसा घालत नसे, वारा घालायचा.

मी सातवीत असताना गॅस आला आणि शेगडी माळ्यावर गेली. आईचे डोळे निवले, हे मी कधी विसरणार नाही. धुराने किती बायकांचे डोळे आणि छाती खराब झाली, हे माहीत असताना शेगडीच्या आठवणीने गहिवरून जाणं मला जमत नाही. गेली ती बरं झालं. पण तिच्याबरोबर एक हातही गेला, आच ओळखणारा.

तो मला परत भेटला 1998नंतर, इथे आल्यावर. शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, दर शनिवारी त्यांच्या परसातून धूर यायचा. त्यांनीच मला आपला जुना, गोळीच्या आकाराचा उभा स्मोकर दिला. खाली कोळसा, मध्ये पाण्याची परात, वर जाळ्या. पहिल्या खेपेला मी डुकराच्या खांद्याचं चार किलोंचं मांस आणलं आणि कोळसे पेटवायच्या नळकांड्यात फुललेले सगळे निखारे एकदम ओतले. अर्ध्या तासात काटा 325वर. घाबरून मी खालचे झरोके बंद केले, वरचं धुराडंही बंद केलं. धूर पांढरा, दाट झाला, बाहेर पडेना, आणि कोंडलेला तो सगळा धूर मांसावर बसला. कडू झालं ते. टाकावं लागलं. चार किलो अन्न टाकताना मला फार वाईट वाटलं.

शेजाऱ्यांनी मग नीट दाखवलं. धुराडं नेहमी उघडं ठेवायचं, कारभार खालच्या झरोक्यांचा. न पेटलेले कोळसे खाली रचायचे, त्यांत हिकरीचे तुकडे खोचायचे आणि फुललेले दहा-पंधराच वर ठेवायचे. विस्तव एका कोळशावरून दुसऱ्यावर सरकत बारा-बारा तास चालतो. जिम मिनियन नावाच्या माणसाने ही रीत बार्बेक्यूच्या स्पर्धांमध्ये रूढ केली, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. आणि काटा 200वर आला की लगेच झरोके आवळायचे, 225 होईपर्यंत थांबायचं नाही. कारण स्मोकर तापला की गरम हवा वर चढते, खालून नवी ओढून घेते, त्याने कोळसा आणखी फुलतो आणि तो आणखी ओढतो. चढती आच वाटेतच धरावी लागते. चढून बसलेली तासभर उतरत नाही. झाकण उघडून बघण्याचा मोह सर्वांत वाईट. उघडलं की उष्णता जाते, पण वारा आत जातो, आणि झाकण लावल्यावर आच आधीपेक्षा चढते.

इथले चौकोनी उशीसारखे कोळसे पाहिले तेव्हा मला आजीच्या अंगणातले गोळे आठवले. पोत्याच्या तळाशी उरलेल्या कोळशाच्या चुऱ्यात ती शेण आणि माती कालवून गोळे वळायची, उन्हात ओळीने वाळवायची. हे गोळे हळू आणि एकसारखे जळतात, दुधाला तेच लागत. हेन्री फोर्डने 1920च्या दशकात मिशिगनमध्ये मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाच्या उरलेल्या ढलप्यांचा कोळसा करून, भुकटी स्टार्चने बांधून असेच तुकडे काढले. त्या कारखान्याची जागा शोधून देणाऱ्या एडवर्ड किंग्सफर्डचं नाव आजही पिशवीवर असतं. आजीच्या हाताशी शेण होतं, फोर्डच्या हाताशी स्टार्च. चुरा वाया जाऊ द्यायचा नाही, ही तळमळ एकच.

सर्वांत कठीण वेळ येते ती सातव्या-आठव्या तासाला. मांसाच्या आतलं तापमान 65-70 सेल्सिअसपर्यंत येतं आणि थांबतं. दोन तास, कधी चार तास, काटा हलत नाही. मांसाला घाम येतो आणि तो वाळताना मांस गार ठेवतो, माठातलं पाणी गार राहतं तसंच. झरोके उघडून आच वाढवावी असं हाताला वाटत राहतं. मी उठून घरात जाते, चहा टाकते. या वेळात आतल्या चिवट धाग्यांचा चीक होत असतो, पायांच्या रश्श्याला बोटं चिकटतात तोच चीक, आणि त्याला वेळच लागतो. 95 सेल्सिअसला हाड ओढलं की अलगद सुटून हातात येतं.

एकदा मध्यरात्री पाऊस आला. नवरा म्हणाला, स्मोकर गॅरेजमध्ये घेऊ, दार अर्धं उघडं ठेवू. मी नाही म्हटलं. मिरजेला थंडीत कितीही कुडकुडलो तरी आजी शेगडी झोपायच्या खोलीत येऊ देत नसे. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशी बातमी तेव्हा दर हिवाळ्यात कानावर यायची. हवा आवळली की कोळसा अर्धवट जळतो, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला ना वास ना रंग. मी मोठी छत्री धरून अडीच तास बाहेर उभी राहिले. पावसाचे थेंब झाकणावर पडून चुर्र वाजत होते. काटा 225वर होता.

मांस निघालं की झरोके आणि धुराडं दोन्ही मिटायची. हवा तुटली की कोळसे विझतात, राख झटकून पुढच्या वेळी वापरता येतात. पण मी लगेच मिटत नाही. खालचा झरोका पूर्ण उघडते, निखारे लाल होतात, आणि त्यात वांगी सरकवते. त्या भरितात हिकरीचा वास उतरतो. खानदेशातलं भरीत कपाशीच्या काड्यांवर होतं, त्याची सर याला नाही, पण माझ्या लेकीला हेच भरीत माहीत आहे आणि तिला ते आवडतं.

परवा संध्याकाळी वांगी काढत होते तेव्हा कुंपणापलीकडून शेजाऱ्यांनी हाक मारली. त्यांचे कोळसे दमट निघाले होते, पेटत नव्हते. थोडा विस्तव मिळेल का? दिवेलागण झाली होती. तिन्हीसांजेला विस्तव घराबाहेर द्यायचा नाही, हा आजीचा नियम. सकाळी मात्र मागायला येणाऱ्याच्या खापरीवर ती स्वतः दोन निखारे ठेवायची, वर राखेची चिमूट टाकायची, वाटेत विझू नये म्हणून. मी चिमट्याने सहा निखारे उचलून त्यांच्या लोखंडी खोऱ्यात ठेवले, वर चिमूटभर राख टाकली. ते खोरं सांभाळत, पाय जपून टाकत, ओल्या गवतातून निघाले.