रोगाचे नाव

काही रोगांची नावे आपल्या घरांत मोठ्याने उच्चारली जात नाहीत. क्षयाचे एकेकाळी असेच होते. आता क्षयरोग्याच्या घरी शेजारी येऊन औषधपाण्याची चौकशी करतात. उपदंशाच्या वाट्याला एवढे भाग्य अजून आलेले नाही. बोलीत त्याला गरमी म्हणावयाचे, तेही दार लोटून घेऊन. सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाशा'त त्याला फिरंग रोग म्हटले आणि त्याचा संबंध फिरंग्यांच्या देशाशी जोडला. युरोपात तरी निराळे काय होते? इटलीतील लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. रोग दुसऱ्याचा आहे असे एकदा ठरले की आपल्या घरात त्याला शोधण्याचे कारण उरत नाही.

अशा न शोधलेल्या रोगाची एक हकीकत मी जवळून पाहिली. रोग्याचे नाव, गाव आणि कचेरी मी सांगणार नाही. तेवढे झाकून ठेवण्याचा त्यांना हक्क आहे. ते माझे ज्येष्ठ मराठी सहकारी, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांनी लिहिलेल्या टिपणात अधिकाऱ्यांना कधी शाई लावावी लागत नसे. हळूहळू त्यांच्या अक्षरांतून अक्षरे गळू लागली. 'सादर'चे 'सार' होई, 'मंजूर'चे 'मंजू'. बेरजा चुकत. बोलताना जीभ अडखळे, ओठांच्या कडा थरथरत. मूळचे अबोल गृहस्थ. पण एके दुपारी कँटीनमध्ये त्यांनी सर्वांचे पैसे दिले आणि लवकरच आपण खात्याचे सचिव होणार, असे अगदी गंभीरपणे सांगितले. कचेरीने याचा अर्थ मद्यपान असा लावला आणि हयगयीबद्दल मेमो दिला. घरच्यांनी कामाचा ताण असा लावला. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. वर्ष असेच गेले.

अखेर आम्ही त्यांना मज्जाविकारांच्या एका तरुण डॉक्टरांकडे नेले. त्यांनी डोळ्यांवर विजेरीचा झोत टाकला. बाहुल्या जराही आकसल्या नाहीत. मग नाकाजवळ बोट धरून त्याकडे पाहावयास सांगितले, तेव्हा त्याच बाहुल्या लहान झाल्या. एडिंबरोच्या डग्लस आर्गाइल रॉबर्टसन यांनी 1869 मध्ये वर्णन केलेली ही खूण आजही डॉक्टरांना सावध करते. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करावयास सांगितले. ज्यांनी उभा जन्म हिशेबात घालविला, ते त्र्याण्णवाशी थांबले. ते मौन मला फार जड गेले.

त्यानंतर रक्ताच्या तपासण्या झाल्या. तेव्हा मला जे समजले ते सांगण्याजोगे आहे. व्हीडीआरएल ही तपासणी सोपी व स्वस्त. पण रोग जुना झाला की ती कित्येकदा निर्दोष येते आणि इतर काही विकारांत, क्वचित गरोदरपणातही, उगाच दोष दाखविते. म्हणून तिच्या जोडीला टीपीएचएसारखी, प्रत्यक्ष त्या जंतूविरुद्धची तपासणी लागते. ही दुसरी एकदा दोषी आली की उपचारानंतरही बहुधा जन्मभर तशीच राहते. त्यामुळे रोग आज जागा आहे की नाही, हे एकटी तीही सांगू शकत नाही. मज्जासंस्थेचा प्रश्न असला म्हणजे पाठीच्या मणक्यातील पाणी तपासावे लागते. त्यात पेशी व प्रथिने वाढली आहेत काय, व्हीडीआरएल दोष दाखविते काय, हे पाहतात. या पाण्यात ती तपासणी दोषी आली तर निदान जवळजवळ पक्के. मात्र निर्दोष आली म्हणून रोग नाही असे ठरत नाही. आमच्या फायलींप्रमाणेच येथेही एका कागदावर निर्णय होत नाही. लक्षणे, रक्त आणि पाणी यांची संगती लावावी लागते.

पाणी काढावयाचे म्हणताच वहिनी घाबरल्या. पाठीतले पाणी काढले की माणूस अधू होतो, असे त्यांनी ऐकले होते. क्विंके यांनी 1891 मध्ये प्रचारात आणलेली ही रीत आज रोजची झाली आहे, हे डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावून सांगितले. सही करण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, "भाऊजी, रोगाचे नाव काय?" मी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी नाव सांगितले, आणि वहिनींचीही रक्ततपासणी करावी लागेल, हेही सांगितले. त्या थोडा वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या. मग सही केली.

पाण्याने शंका खरी ठरविली. या वेडाचे वर्णन अंत्वान बेल यांनी पॅरिसला 1822 मध्येच केले होते. जंतू मात्र 1905 मध्ये बर्लिनला शौडिन व हॉफमन यांना दिसला, आणि 1913 मध्ये नोगुची व मूर यांनी तो अशा रोग्यांच्या मेंदूत दाखविला. मधल्या नव्वद वर्षांत वेड्यांच्या इस्पितळांतून कितीतरी माणसे अनुवंशाचे वा चारित्र्याचे दूषण घेऊन मेली. वॅग्नर-यौरेग यांनी 1917 पासून हिवतापाचे जंतू टोचून हा रोग जाळण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी त्यांना 1927 चे नोबेल पारितोषिकही मिळाले. 1943 मध्ये महोनी यांनी उपदंशावर पेनिसिलीन वापरले आणि तो अघोरी उपाय मागे पडला.

आमच्या सहकाऱ्यांना चौदा दिवस शिरेतून पेनिसिलीन दिले गेले. रोग थांबला. जे झिजले होते ते सारे परतले नाही. अक्षर सुधारले, पण पूर्वीचे झाले नाही. वैद्यकीय कागद पाहून कचेरीने मेमो मागे घेतला. वहिनींचे रक्त निर्दोष निघाले.

हा रोग कसा झाला, हा प्रश्न आम्हां सर्वांच्या ओठांवर होता. वहिनींनी तो अजून विचारलेला नाही. विचारावा की नाही, ते त्यांचे त्यांनी ठरवावयाचे आहे. इतरांना तो अधिकार नाही. परंतु चांगल्या माणसाचा स्वभाव, स्मरण किंवा हस्ताक्षर पालटू लागले, एकाएकी दृष्टी वा श्रवण मंदावले, चालताना पाय भलतीकडे पडू लागले, तर त्या रक्ततपासणीविषयी डॉक्टरांना विचारण्याचा अधिकार प्रत्येक घराला आहे. हा रोग संसर्गानंतर काही महिन्यांतही मज्जासंस्था गाठू शकतो आणि वीस-पंचवीस वर्षांनीही. तेवढ्या अवधीत माणसाचे तारुण्य सरते, संसार होतो, मुले मोठी होतात, आणि जुनी गोष्ट स्वतः त्यालाही आठवेनाशी होते. रक्तात मात्र तिची नोंद शिल्लक असते.