चामुंडरायांच्या विंध्यगिरीवर
विंध्यगिरीच्या पायऱ्या अनवाणी चढून आम्ही श्रवणबेळगोळच्या भगवान बाहुबलींसमोर उभे राहिलो. ही ५७ फुटी मूर्ती गंग राजा राचमल्लाचे मंत्री व सेनापती चामुंडराय यांनी इ. स. ९८१च्या सुमारास घडवून घेतली. रण गाजविणारा हा मंत्री कन्नड ग्रंथकारही होता. चरणांजवळच्या शिलालेखात त्यांचे नाव मराठीत कोरलेले पाहून ऊर भरून आला.

आख्यायिका मात्र सांगते, की मंत्र्यांचा अभिषेक अपुरा राहिला आणि गुल्लकायज्जी नावाच्या वृद्धेच्या इवल्याशा पात्रातील दुधाने मूर्ती न्हाली. तिचीही मूर्ती समोर उभी आहे. निवृत्तीनंतरही मनात खुर्ची जपणाऱ्या माझी मान तेथे आपोआप लवली.