गुलमर्गला जाताना : चार पैसे शिकवणीसाठी ठेवा

बर्फावरून घसरण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, केवळ श्रीमंतांचा आहे असे समजून आपण तिकडे फिरकत नाही. खर्च आहेच, पण तो कुठे करावा, हे कळले पाहिजे.

काश्मिरातील गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. जानेवारी-फेब्रुवारी हा हंगाम. मात्र जानेवारी २०२४ मध्ये तेथे जवळजवळ बर्फच नव्हता. म्हणून रद्द करता येईल असेच आरक्षण करावे.

स्कीच्या पट्ट्या, बूट विकत घेऊ नयेत. तेथे भाड्याने मिळतात. आत लोकरीचे कपडे घालावेत. सुती कपडा भिजला की अंगावर गार पडतो. बर्फावरचे ऊन डोळ्यांना बाधते, म्हणून मुलाबाळांसह सर्वांना काळा चष्मा हवाच.

बहुतेकांचे पैसे रोपवेने अफरवटपर्यंत चढण्यात संपतात. नवशिक्याचे शिक्षण मात्र खालच्या सौम्य उतारावरच होते. तेथे प्रशिक्षक ठेवावा आणि आधी थांबायला शिकावे. पट्ट्यांची पुढची टोके जवळ, मागची लांब ठेवली की वेग मंदावतो. तोल गेलाच तर बाजूला, कुशीवर पडावे.

आखलेला उतार सोडू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे गेलेल्या रशियन पर्यटकांपैकी एक जण हिमस्खलनात दगावला.

तेव्हा बंधू-भगिनींनो, उंचीपेक्षा शिकवणीवर खर्च करा. मुलांबरोबर मुलींच्या आणि त्यांच्या आईच्याही पायांत पट्ट्या बांधा!