‘लॅप्स’ : एका शब्दाची कैफियत

झाशीच्या इलाइट चौराह्यावर सायंकाळी वाहनांची आणि माणसांची इतकी दाटी असते की, त्याच्या नावाचा विचार करण्यास कोणास सवड नसावी. ‘इलाइट’ हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. परंतु अभ्यागत प्राध्यापक म्हणून या गावी आल्यावर मला ज्या लॅटिन शब्दाने अस्वस्थ केले तो हा नव्हे. तो मला चौराह्याजवळच्या एका विमा कचेरीत भेटला.

मला नोकरी लागली त्या वर्षी वडिलांनी माझ्या नावाने विमा उतरविला होता. हप्ते ते स्वतः भरीत आणि पावत्या दोऱ्यात ओवून ठेवीत. ते गेल्यावर हे काम माझ्याकडे आले, आणि मी ते केले नाही. कचेरीतील लेखनिकाने नोंद पाहून सौजन्याने सांगितले, “सर, यह तो लैप्स हो गई है।” त्या रात्री आईला दूरध्वनीवर मी तेच वाक्य मराठीत ऐकविले. ती म्हणाली, “लॅप्स झाली म्हणजे काय रे? हप्ता कोणी भरला नाही?”

या प्रश्नाने मला कोश उघडावयास लावले. लॅटिन ‘लाबी’ म्हणजे घसरणे, ओघळणे, पडणे. ‘लाप्सुस’ हे त्यापासून झालेले रूप. या क्रियापदाचे रूप कर्मणी, अर्थ मात्र कर्तरी. चर्चच्या कायद्यात या शब्दाला नेमका अर्थ प्राप्त झाला. रिकाम्या धर्मपदासाठी माणूस सुचविण्याचा हक्क ज्याचा, त्याने तो सहा महिन्यांत न सुचविल्यास हक्क त्याच्या हातून निसटून बिशपाकडे जाई. म्हणजे हक्क आपोआप गळत नसे. हक्कदाराने मुदतीत आपले कर्तव्य केलेले नसे. विम्याच्या व्यवहारातही हाच न्याय आहे.

झाशीत हा शब्द उच्चारताना १८५४ साल आठवल्यावाचून राहत नाही. गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्याच दिवशी त्यांनी आनंदराव या पाच वर्षांच्या मुलास, दामोदरराव असे नाव ठेवून, इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष विधिपूर्वक दत्तक घेतले होते. झाशी हे आपल्या आश्रयाने उभे राहिलेले संस्थान असल्याने आपल्या संमतीवाचून दत्तकास गादी मिळत नाही, ही डलहौसीची भूमिका होती. ती संमती दिली गेली नाही आणि मार्च १८५४ मध्ये संस्थान ‘लॅप्स’ झाले. १८४८ साली साताऱ्याचेही असेच झाले होते. राजाने करावयाचे ते सर्व केले होते. नाकारले ते सरकारने. परंतु त्या क्रियापदात सरकार कोठेच दिसत नाही. पिकले फळ देठापासून सुटावे, तसे जणू राज्य सुटले.

आपल्या भाषांनी मात्र हे क्रियापद जसेच्या तसे स्वीकारले नाही. मराठीत आपण ‘संस्थान खालसा केले’ असे म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी, ‘शुद्ध, निर्भेळ’ या अर्थाचा. ज्या जमिनीचा वसूल थेट सरकारी खजिन्यात जातो ती खालसा. झाशीतील शाळकरी मुले हिंदीतून ‘हड़प नीति’ शिकतात. मराठी शब्द खजिन्याच्या बाजूने पाहतो, हिंदी शब्द ज्याचे गेले त्याच्या बाजूने. तरीही खालसा करण्यास कोणीतरी लागतो, आणि हडप करण्यासही.

मूळ शब्द अद्याप आपल्या कायद्यात आहे. बेवारस मालमत्तेसंबंधीच्या संविधानाच्या २९६ व्या अनुच्छेदात तो येतो. हिंदी पाठात तो ‘व्यपगत’ होतो. मराठी वृत्तपत्रांतही भूखंडांची आरक्षणे ‘व्यपगत होतात’. ती कोणामुळे झाली, हे वाक्यावरून कळत नाही.

गंगाधररावांच्या बाबतीत हा शब्द खोटा होता, कारण त्यांच्याकडून काही राहून गेले नव्हते. माझ्या बाबतीत तो अक्षरशः खरा होता. तरीही मी त्याचा उपयोग केला तो कर्ता झाकण्यासाठीच. आईने विचारले होते ते नेमके त्या कर्त्याविषयी.

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा दूरध्वनी केला आणि म्हणालो, “आई, हप्ते मी भरले नाहीत.”

क्षणभर थांबून ती म्हणाली, “मग आता भर.”