उरलेला दात

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवायची सोय पांढुर्ण्यातल्या दाताच्या डॉक्टरला नाही. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं जातं, त्याला झेंडा लागतो, चंडीमातेची पूजा होते आणि मग पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवरून गोटे सुरू होतात. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, बंदोबस्त लावून पाहिला. गोटमार चालूच आहे. डोकं फुटलेले, हात मोडलेले लोक सरकारी कॅम्पात जातात. माझ्याकडे लोक येतात ते दिवस कलल्यावर, ओठाला टाके पडून झाल्यावर. तोंडावर रुमाल, आणि रुमालाआडून एकच वाक्य: "साहेब, सामोरचा दात गेला."

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तुकडा कुठे आहे?

सोबत आलेली मंडळी यावर एकमेकांकडे पाहतात. तुकडा नदीत. तो कुणी उचलत नाही, कारण तो पुन्हा चिकटवता येतो हे कुणाला माहीत नसतं. वास्तविक पटाशीच्या दाताचा मोडलेला तुकडा मिळाला, तर त्याच्यासारखं दुसरं साहित्य जगातल्या कुठल्याही कंपनीकडे नाही. रंग तोच, चकाकी तीच, कडेची झीजही तीच. तो पाण्यात किंवा दुधात ओला ठेवून आणला की काम अर्धं झालं. वाळला तर खडूसारखा पांढरा पडतो, मग तो भिजवून पुन्हा रंगावर येईपर्यंत वाट पाहावी लागते.

अख्खा दात मुळासकट बाहेर आला असेल, तर गोष्ट तासाभराची आहे. मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. तो वाळला की मेला, आणि तो मेला की दात पुन्हा बसवूनही काही वर्षांत हाड त्याला हळूहळू खाऊन टाकतं. म्हणून दात वरच्या, पांढऱ्या बाजूने धरायचा, मूळ घासायचं नाही, माती लागली असेल तर दोन क्षण स्वच्छ पाण्याखाली धरायचा आणि माणूस शुद्धीवर असेल तर तिथल्या तिथे खळगीत बसवून रुमाल चावायला द्यायचा. ते जमत नसेल तर दुधात टाकून आणायचा. चहाच्या टपरीवरचं दूधही चालतं, फक्त थंड हवं. जखमेवर देवळातली भभूत लावायची आपल्याकडे रीत आहे. कपाळाला, हाताला खुशाल लावा. दाताच्या मुळाला लावू नका. लहान लेकरांचे दुधाचे दात मात्र परत बसवायचे नसतात, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते.

तुकडा न मिळालेल्यांचं काय, तर माझा सगळा हिशेब उरलेल्या दाताचा असतो. मोडलेली कड नुसतीच पांढरी दिसली, तर फक्त वरचं कवच, म्हणजे इनॅमल गेलेलं आहे. पिवळसर गाभा दिसला, तर आतलं डेंटिन उघडं पडलं आहे; गार वारा लागला तरी माणूस कळवळतो. आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसला, तर नस उघडी पडली. हा लाल ठिपका पाहिला की पुष्कळ जण लगेच रूट कॅनॉलची तयारी करतात. प्रौढ माणसाच्या बाबतीत ते कधी कधी बरोबर असतं. पण काठावर बघायला गेलेल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या दाताचं मूळ अजून पुरतं वाढलेलं नसतं. त्याच्या नसेचा वरचा दोन मिलिमीटर भाग तेवढा काढून त्यावर औषधी सिमेंट ठेवलं, तर उरलेली नस जगते आणि मूळ पुरं करते. स्वीडनमधल्या मिलोश च्वेक यांनी १९७८ साली ही पद्धत मांडली. ती करायला फार महाग सामान लागत नाही. लागतो तो थोडा धीर, डॉक्टरचाही आणि आईबापाचाही.

बाकी दुरुस्ती कॉम्पोझिटची, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनची. पेशंट त्याला 'सिमेंट भरणं' म्हणतात, आम्हीही म्हणतो. सुरुवात रंग जुळवण्यापासून होते, आणि ती कापसाने दात वाळवण्याआधी, कारण तोंड उघडं राहून दात सुकला की तो खऱ्यापेक्षा पांढरा दिसायला लागतो. शेड गाइड म्हणजे एका पट्टीवर ओळीने लावलेले सोळा नकली दात, ए-वनपासून डी-फोरपर्यंत. ट्यूबलाइटमध्ये सगळेच फसवतात, म्हणून पेशंटला उठवून दाराशी नेतो, अंगावर लाल साडी असेल तर तिच्यावर राखाडी कापड टाकतो, आणि दोन-चार सेकंदांत ठरवतो. जास्त वेळ टक लावली की डोळा थकतो. एकच दातही वरपासून खालपर्यंत एका रंगाचा नसतो. हिरडीजवळ पिवळट, कडेला निळसर पारदर्शक. त्यामुळे मालही दोन-तीन रंगांचा, थरावर थर लागतो.

मग निळी जेल. ती ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड असते. पंधरा ते तीस सेकंद ठेवून धुतली की चकचकीत कवच मंद, घासलेल्या काचेसारखं पांढुरकं दिसतं. डोळ्याला न दिसणारी छिद्रं त्यात पडलेली असतात. त्यांत द्रवरूप बाँड मुरतो, त्यावर निळा प्रकाश पडला की तो कडक होतो, आणि दात कोरून खोबण न करताही माल धरून राहतो. अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली हे दाखवलं. कारखान्यांत रंग नीट धरावा म्हणून धातूवर आधी ॲसिड लावतात, त्यावरून त्यांना ते सुचलं होतं. पुढे राफेल बोवेन यांनी त्याला साजेसं रेझिन तयार केलं. त्याआधी चांदी भरायची, तर चांगला दातसुद्धा कोरून आत खाच करावी लागे, कारण चांदी चिकटत नाही, अडकून बसते. त्या चांदीला नावं ठेवायचं मात्र कारण नाही. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या दाढांत भरलेली चांदी मी वर्षानुवर्षं टिकलेली पाहतो, आणि तिच्यातल्या पाऱ्याच्या भीतीने ती विनाकारण उकरून काढायला नकार देतो.

ॲसिड हा शब्द आला, तर संत्र्याकडे वळतो. पांढुर्णा आणि सौंसर म्हणजे संत्र्याचा मुलूख. आंबिया बहार उतरतो तेव्हा बगीच्यात छाटणी, तोडणी, पेटी करणारी माणसं दिवसभर फोडी तोंडात टाकत असतात. संत्र्याच्या रसाचा पीएच साडेतीनच्या आसपास. इनॅमल साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. एखादं संत्रं खाऊन काही होत नाही, लाळ ते सावरून घेते. पण दिवसभर, हंगामभर, वर्षानुवर्षं चाललं तर पुढच्या दातांच्या कडा कागदासारख्या पातळ होतात, दात गुळगुळीत आणि पिवळे दिसू लागतात. मग माणसं ते पांढरे करायला निंबू आणि मीठ घासतात! आधीच विरघळलेल्या कवचावर आणखी ॲसिड, वर खरखर. मी सांगतो ते एवढंच: फळ खा, लगेच चूळ भरा, आणि ब्रश अर्ध्या तासाने करा, कारण मऊ पडलेलं कवच ब्रशने खरवडून निघतं. झिजलेल्या कडांना कॉम्पोझिट जोडता येतं. त्यासाठी जवळजवळ काहीच घासावं लागत नाही, कारण घासायचं ते संत्र्याने आधीच घासून ठेवलेलं असतं.

इथे कॅपचा विषय निघतो, आणि माझं लोकांशी खरं भांडण इथेच आहे. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की माझ्या खुर्चीत नवरदेव येतात. सोबत बाप. "डॉक्टरसाहेब, पोराचं लगन हाय. सामोरचे सहाही कॅप करून टाका, एकदम पांढरे." पोराच्या दातांत जरासा वाकडेपणा, एका दाताचा कोपरा उडालेला, बस. पूर्ण कॅप बसवायला दात चहूबाजूंनी घासावा लागतो. हिरडीवर दिसणाऱ्या भागातला ६० ते ७० टक्के ऐवज त्यात जातो, हे मोजून पाहिलेलं आहे. दाताला फक्त पुढून चिकटवायच्या पातळ चकतीला, म्हणजे लॅमिनेटला, तयारी कशी करावी लागते त्यावर ३ ते ३० टक्के. गेलेलं इनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही. पंचवीस वर्षांच्या पोराची ती कॅप आयुष्यात दोनदा-तीनदा तरी बदलावी लागणार, आणि दर वेळी खालचा दात आणखी बारीक होणार. घासलेल्यांपैकी एखाद्याची नस पुढे मरते, तेव्हा लग्नाचा अल्बमही कुणी उघडून पाहत नसतं. म्हणून मी कोपरा भरून देतो, दात साफ करून देतो, हवं तर ब्लीच करतो. बाप नाराज होतो. काही जण उठून दुसरीकडे जाऊन कॅप करूनही येतात. आपण काय करणार!

याचा अर्थ कॅप वाईट असा नाही. रूट कॅनॉल झालेल्या दाढेला कॅप हवीच. आतून पोखरलेली दाढ भाकरीच्या घासाला नाही, पण एखाद्या खारकेला उभी चिरते, आणि उभी चिरली की काढण्यावाचून गत्यंतर नाही. नस काढल्यावर दुखणं थांबतं, म्हणून पेशंटही थांबतो, कॅपला येतच नाही. ज्याला कॅप हवी तो येत नाही आणि ज्याला नको तो सहा मागतो, अशी आमची गंमत आहे. स्वस्तातली कॅप म्हणजे आत धातू, वर पोर्सिलेन. काही वर्षांनी हिरडी सरकली की काठाला काळी रेघ दिसते. दाढेला ती चालून जाते. पुढच्या दाताला कॅप लागलीच, तर झिर्कोनिया किंवा सबंध सिरॅमिकची बरी. लॅमिनेटचा शोध तर मुळात नटांसाठीच लागला. हॉलिवूडच्या चार्ल्स पिंकस यांनी १९२८ च्या सुमारास शूटिंगपुरत्या चिकटवायच्या चकत्या केल्या होत्या. नट जेवायला बसण्याआधी त्या काढून ठेवत.

गोटमारीत मार लागूनही न मोडलेल्या दाताचं एक वेगळंच असतं. दिसायला काही झालेलं नसतं, माणूस विसरूनही जातो. काही महिन्यांनी दात राखाडी पडायला लागतो. आत रक्तस्राव होऊन नस मेलेली असते. असा माणूस 'काळा दात घासून कॅप करा' म्हणतच येतो. मी रूट कॅनॉल करतो आणि दाताच्या आतल्या पोकळीत सोडियम परबोरेटची ओली पूड भरून वर तात्पुरतं सिमेंट लावतो. आठवड्याने उघडून पुन्हा भरतो. दोन-तीन फेऱ्यांत दात आतून उजळतो, बाहेरून त्याला हातही लावावा लागत नाही.

आठवडी बाजारात मात्र दुसरंच शास्त्र चालतं. पेटी उघडून बसलेला माणूस अर्ध्या तासात 'फिक्स' दात बसवून देतो. तो लाल-पांढरं ॲक्रिलिक तोंडातच कालवून शेजारच्या दातांवर थापतो, कधी तार गुंडाळतो. खाली अन्न सडतं, हिरडी पिकते, आणि एका दाताच्या जागी चार हलायला लागतात. हे बेकायदा आहे, पण त्याच्याकडे जाणाऱ्याला मी मूर्ख म्हणत नाही. मजुराला एका बसण्यात, एका दिवसाच्या कमाईत दात हवा असतो. माझ्याकडे त्याला तीन-चार खेपा पडतात. त्याच्या खिशाला परवडेल अशी काढघाल करायची साधी प्लेट मीही करून देतो आणि ती बाजारातल्या दातापेक्षा शतपटीने बरी. ब्रिज करायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. हाडात रोवायच्या इम्प्लांटसाठी शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही. पेर-इंगवार ब्रानेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात टायटेनियम घट्ट धरून बसलेलं आढळलं, १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात दिले. जमेल त्याने तेच करावं. पैशाचा प्रश्न आहे, तो मी सोडवू शकत नाही.

उरला खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून गालात दाबायचा, ही सवय नागपुरापासून आमच्यापर्यंत सारखीच. "दात लाल झाले, साफ करून द्या" म्हणून तरणी पोरं येतात. डाग अल्ट्रासॉनिकने तासाभरात निघतात, ते सोपं आहे. पण खुर्चीत बसवल्यावर मी आधी त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगतो. तीन गेली तर सफाई करतो. दोनच गेली, तर आरशाने गाल बघतो, आणि तिथे गुलाबीऐवजी पांढुरके, दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. सुपारीने आतली कातडी आखडत चाललेली असते. अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत मशीन पोचत नाही, माप घ्यायचा ट्रे आत जात नाही. लॅमिनेट, कॅप, इम्प्लांट, काहीही ठरवता येत नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पण या आजारासाठी मी चिठ्ठी अजून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचीच लिहितो. पोरगा चिठ्ठी घेतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि दारातून वळून विचारतो, "साहेब, मंग पांढरे कवा करून देसान?" खर्रा सुटला आणि तिसरं बोट गेलं, की लगेच, असं मी त्याला सांगतो.