पाच बहिणी आणि एक सही

कॅम्पातलं लाल देऊळ पुण्यात सगळ्यांना माहीत असतं. आत काय वाचतात, हे फार थोड्यांना. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं हे सिनेगॉग १८६७ मध्ये पूर्ण झालं. ज्यू लोक वर्षभरात अख्खा तोरा क्रमाने वाचतात आणि साधारण जुलैच्या आसपास त्यात पाच बहिणी येतात : महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा.

गोष्ट जेमतेम अकरा वचनांची आहे. वडील सलाफहाद वाळवंटात वारले. मुलगा नव्हता. नव्या देशातल्या जमिनीची वाटणी जवळ आलेली. पाचही जणी मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून वडिलांचं नाव का पुसायचं? आम्हाला वाटा द्या. मोशेने देवाला विचारलं. देव म्हणाला, त्यांचं बरोबर आहे.

बहुतेक जण इथे टाळ्या वाजवून थांबतात. पण त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात वंशातले पुरुष तक्रार घेऊन येतात : या बाहेर लग्न करून गेल्या तर आपली जमीनही जाईल. मग अट पडते, वंशातच लग्न करा. पाचही जणी चुलत भावांशी लग्न करतात. आमच्या भाषेत, फीचर आलं आणि लगेच त्यावर पॅच आला.

आपल्याकडेही असा पॅच होता. १९९४ मध्ये महाराष्ट्राने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. माझ्या आईचं लग्न १९९३ चं. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत ती अट नव्हती. हा हक्क जन्मानेच मिळतो, वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

तरी आजोबा गेल्यावर आईपुढे आलं ते हक्कसोडपत्र. “ताई, फक्त सही.” मामा वाईट माणूस नाही. दरवर्षी आंब्याची पेटी न चुकता पाठवतो. आई म्हणते, “जमिनीचं काय करायचंय? माहेर राहिलं पाहिजे.”

त्या बहिणी पुढे यहोशवाच्या पुस्तकात परत भेटतात. मोशे आता नाही. प्रत्यक्ष वाटप चालू आहे. त्या एलाजार याजक आणि यहोशवापुढे जाऊन आठवण करून देतात, आम्हाला वाटा द्यायचं ठरलं होतं. तेव्हा कुठे जमीन मिळते. मला त्यांची खरी भूमिका इथे दिसते. पहिला प्रश्न विचारायला धाडस लागतं, पण मंजूर झालेला हक्क पुन्हा मागायला जाणं जास्त अवघड आहे. तेव्हा आपण हावरट दिसतो.

हे सगळं मी आईला सांगितलं. सही कर किंवा करू नको, असं काही म्हटलं नाही. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “त्यांना भाऊ नव्हता ना?”

“नव्हता.”

“मग त्यांचं सोपं होतं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागद अजून कपाटात आहे, सहीविना.